रंगूनची शिक्षा

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या ठोक्याला नारायणराव चौबळ कचेरीचा जिना चढले, छत्री खुंटीला लावली, आणि सूचनांच्या फळ्यावर आपले नाव पाहून जागच्या जागी थबकले.

फळ्यावरची चिठ्ठी बंगालीत होती. नारायणरावांना कलकत्त्यात येऊन अकरा महिने झाले होते आणि तेवढ्यात ट्रामच्या पाट्या वाचून वाचून त्यांनी बंगाली अक्षरे लावायला शिकून घेतली होती. भाषा येत नव्हती, अक्षरे तेवढी येत होती. अर्धवट ज्ञान्यापेक्षा पुरता अज्ञानी बरा, हे त्यांनी कीर्तनात कितीदा तरी ऐकले होते आणि दरवेळी मान डोलावली होती. आता ते चष्मा कपाळावरून खाली ओढून एकेक अक्षर लावू लागले. "श्री-युक्त... ना-रा-यण... चौ-बल..." हे झाले. "प्रथम विदेश-भ्रमणेर..." हेही कळले. पहिला परदेशप्रवास. आपण नुकतेच रंगूनला जाऊन आलो ते कचेरीने मनावर घेतले म्हणायचे! त्यांच्या ओठांवर हसू येऊ लागले होते, तेवढ्यात पुढचा शब्द लागला आणि हसू अर्ध्या वाटेत गोठले.

"शिक्षा."

त्यांनी तो पुन्हा लावून पाहिला. 'श'ला वेलांटी, 'क्ष'ला काना. तिसऱ्यांदा लावला. शिक्षाच. त्याखाली "शनिवार, बेला तिनटा". आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरात, "सपरिवारे उपस्थिति प्रार्थनीय".

नारायणरावांच्या कानशिलातून घामाची धार निघाली. श्रीयुक्त नारायण चौबळ यांना पहिल्या परदेशप्रवासाबद्दल शिक्षा, शनिवारी दुपारी तीन वाजता, सर्वांनी सहकुटुंब यावे ही विनंती! मुंजीचे, लग्नाचे, सत्यनारायणाचे आमंत्रण त्यांना ठाऊक होते. पण शिक्षेचे आमंत्रण, तेही 'श्रीयुक्त' लावून, त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

आता, निरपराध माणूस असता तर त्याने ताडकन जाऊन जाब विचारला असता. नारायणरावांना तशी सोय नव्हती.

ते एका जहाज-कंपनीत खिदिरपूरच्या गोदीला लागून असलेल्या कचेरीत कारकून होते. मुंबईच्या कचेरीतून बदलून आलेले. कंपनीच्या नोकरांना दोन वर्षांतून एकदा जोडप्याने बोटीचा पास मिळे. उभ्या जन्मात बोटीने रेवदंड्यापलीकडे न गेलेल्या नारायणरावांनी या खेपेला रंगूनचा पास मागितला होता. निघताना कालिंदीबाईंनी त्यांना गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवायला लावला होता. "समुद्र ओलांडतोय तो ओलांडतोय, पण तिकडच्या अन्नाचा कण तोंडात जाता कामा नये!" म्हणून मेतकूट, भाजणी, सांडगे आणि बेसनाचे लाडू यांनी भरलेले दोन पत्र्याचे डबे आणि एक स्टोव्ह परदेशी गेला होता. नारायणराव आणि कालिंदीबाई त्यांच्याबरोबर होते, इतकेच.

या पंधरा दिवसांत नारायणरावांच्या हातून तीन गोष्टी घडल्या होत्या.

पहिली बोटीवर. नारायणराव कीर्तनाचे वेडे. स्वतः कधी उभे राहिले नाहीत, पण बुवांच्या मागे झांजेची साथ त्यांची ठरलेली, आणि घरी काकडआरती चुकवली तर त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे बोट समुद्राला लागली होती. वर चांदण्या, खाली काळे पाणी. नारायणरावांना भरून आले. ते डेकवर गेले आणि त्यांनी झांज काढली. देवाला जागे करावे एवढाच त्यांचा हेतू होता. पण भर समुद्रात अंधारात घण घण वाजू लागले तर देव सोडून बाकी सगळ्यांना त्याचा एकच अर्थ कळतो. पाच मिनिटांत दीडशे उतारू गळ्यात तरंगते पट्टे घालून डेकवर हजर! मद्रासकडचे एक भारदस्त शेठजी तर जीवनौकेत जाऊन बसले ते नाश्त्यापर्यंत उतरेनात. कॅप्टन पायजम्यावर धावत आला. त्याने झांज काढून घेतली (ती रंगूनला उतरताना परत मिळाली), नाव विचारले आणि एका जाड वहीत लिहिले. 'चौबळ'चे स्पेलिंग दोनदा विचारले. ते दोनदा विचारणे नारायणरावांच्या काळजात अजून रुतून होते.

दुसरी गोष्ट रंगूनच्या सोन्याच्या पॅगोड्यापाशी. तिथे अनवाणी जायचे. परत आल्यावर भक्तीच्या तंद्रीत त्यांनी पायात घातले ते बूट त्यांचे नव्हते. मुक्कामी पोचल्यावर कळले. दुसऱ्या दिवशी परत नेले, तर घ्यायला कोणी नाही. दुर्दैवाने बूट फार चांगले होते. या घटकेलाही ते त्यांच्या पायात होते.

आणि तिसरी. कालिंदीबाई दुपारी धर्मशाळेत आडव्या झाल्या की नारायणराव 'जरा शंकराच्या देवळात' जात. देवळाच्या बोळात एक ब्रह्मी बाई शेवयांवर कसलीशी तांबूस, झणझणीत चटणी घालून देई. लसणीची दिसते, म्हणून एकदा त्यांनी खाल्ली. मग कळले की तिला नापी म्हणतात आणि ती मासे कुटून, खारवून, उन्हात मुरवून करतात. पहिल्यांदा खाल्ली ती चुकून. दुसऱ्यांदा खाल्ली ती पहिल्यांदा खाल्ली ती हीच का, याची खात्री करायला. तिसऱ्या वेळचे कारण मात्र नारायणरावांना अजून सापडले नव्हते.

एक चौथी गोष्टही होती. पण ती त्यांच्या पदरची नव्हती, म्हणून ती त्यांनी मोजली नाही.

शेजारच्या टेबलावर अनादिबाबू होते. मनाने उदार, अंगाने त्याहून. नारायणराव कसेबसे त्यांच्याजवळ गेले. दोघांचा व्यवहार हिंदीत चाले. अनादिबाबूंची हिंदी बंगाली वळणाची होती. नारायणरावांची भाजीवाल्यापुरती होती. त्या हिंदीत कोणी शिकत-शिकवत नसे, नुसती घासाघीस होई.

"आरे नारायोनबाबू! नोटिस देखा?"

"देखा. वो... मेरा शिक्षा?"

"हाँ हाँ, शिक्खा! आपको ही तो देना होगा, और किसको?"

नारायणरावांनी टेबलाची कड धरली. "कितना देर चलेगा?"

"आधा घोंटा. ज्यादा भी होने सकता. उस साल बिपिनबाबू सिंगापूर से आया था ना, उसका पूरा दो घोंटा चला! शेष में उसका गला बैठ गया. चार दिन आवाज नहीं निकला."

"रो-रो के?" नारायणरावांचा स्वर चिरकला.

"वो काहे रोयेगा? पब्लिक रोया! हँसते-हँसते रो दिया!" अनादिबाबूंना त्या आठवणीने आताही हसू लोटले. नारायणराव त्यांच्याकडे बघत राहिले. दुर्गापूजेत लहान पोरांना खांद्यावर घेऊन हिंडणारा हाच का तो माणूस?

"बाबूजी, कुछ कम नहीं हो सकता? मेरी बायको... मेरा घरवाली भी आयेगा?"

"जरूर! सामने कुर्सी पे बिठायेगा. आप घबराइये मत," अनादिबाबूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "हम सब लोग मिल के चेष्टा करेगा!"

हे मात्र नारायणरावांना अगदी स्वच्छ कळले. शिक्षा करणार ती करणार, वर सगळे मिळून चेष्टा करणार. माणुसकी म्हणून काही उरलीच नाही!

घरी आल्यावर त्यांनी कोटसुद्धा न काढता सगळे सांगितले. सगळे म्हणजे शिक्षेचे. कालिंदीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात ताटातच थांबला.

"अगबाई! झांज वाजवलीत म्हणून?"

"कॅप्टनने रिपोर्ट केला असणार. नाव लिहून घेतलं होतं त्यानं."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, मनातल्या मनात करा."

"मनातल्या मनात झांज कशी वाजवायची, तूच सांग!"

"आता मलाच बोला. नोकरी जाईल का हो?"

"नोकरी जाणार असती तर कागद हातात दिला असता. हे काही तरी निराळं दिसतंय. खुर्च्या मांडणार आहेत."

"खुर्च्या!" कालिंदीबाईंनी तोंडाला पदर लावला. मग एकदम त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "अहो, दुसरं काही नाही ना केलंत तुम्ही तिकडे?"

"नाही," नारायणराव म्हणाले, आणि पाठ वळवून कोट काढू लागले.

"मग भ्यायचं काही कारण नाही. माळेची शपथ पाळलीत. तिकडचा कण शिवला नाहीत. ती पुण्याई आहे आपल्या पाठीशी." त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. "मला विचाराल तर त्या बोटीवरची सगळी माणसं वाईट नव्हती हो. तो बटलर किती भला! दोन दिवस माझ्या पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता, तर त्यानं तो काढा आणून दिला. काय गुण त्याचा! आलं, मिरी, वर तुपाचा तवंग. आत्ता असता तर तुम्हाला दिला असता घोटभर."

नारायणरावांनी वर आढ्याकडे पाहिले. तिथे एक पाल होती. तिनेही नजर चुकवली.

"असं करा," कालिंदीबाई म्हणाल्या, "खालच्या श्रीकांतला विचारा. त्याचा जन्म इथला. इथल्या रीतीभाती त्याला ठाऊक."

श्रीकांत फडणीस शाळामास्तर होता. त्याच्या आजोबांनी नोकरीसाठी कलकत्ता गाठले ते कायमचे. घरात मराठी टिकली होती, पण लोणच्याच्या बरणीत दुसऱ्या बरणीचा चमचा जावा तशी झाली होती. शुक्रवारी सकाळी नारायणराव खाली गेले तेव्हा तो वह्या तपासत होता.

"या ना काका, बसा. चहा खाणार?"

"खातो," नारायणराव म्हणाले. बंगालीत चहा खातात; एरवी ते 'पिणार' म्हणून सुधारत, आज तेवढेही त्राण नव्हते. "श्रीकांत, एक विचारायचं होतं. इथे शिक्षा देतात म्हणजे... कशी रे असते?"

"शिक्षा? फार चांगली असते काका! आख्ख्या हिंदुस्थानात अशी भेटत नाही. लोक लांब लांबून येतात घ्यायला."

"आपण होऊन?"

"मग! मी पण देतो ना. रोज. चाळीस मुलं आहेत माझ्याकडे. शनिवारी फक्त अर्धा दिवस."

नारायणरावांनी त्या लुकड्या, चष्मेवाल्या पोराकडे नव्याने पाहिले. चाळीस मुले. रोज.

"कंटाळा नाही येत तुला?"

"आपल्या खानदानातच आहे ते." श्रीकांतने अभिमानाने भिंतीकडे बोट केले. तिथे त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. "बाबांनी आईचे दागिने विकले, पण आम्हा चौघांना शिक्षा दिली."

"दागिने... विकून?"

"हो ना. दादाला तर विलायतेत पाठवून दिली. इथली त्याला पुरी पडत नव्हती."

"आणि... बहिणीला तरी सोडलं का रे?"

"नाही नाही, ताईला पण! बाबा म्हणायचे, मुलीला शिक्षा दिली नाही तर तिचं पुढं वाटोळं होतं."

फोटोतले गृहस्थ मऊ चेहऱ्याचे होते. कपाळाला गंध, डोळ्यांत माया. चेहऱ्यावरून माणूस कळत नाही हेच खरे. नारायणरावांनी चहाचा पेला न संपवताच खाली ठेवला.

"मला देणार आहेत," ते हळूच म्हणाले. "उद्या. कचेरीत. या वयात."

"अरे वा!" श्रीकांतचा चेहरा उजळला. "शिक्षेला वय नसतं काका! मी काकूंना घेऊन येतो ना बघायला."

त्या दिवशी नारायणरावांनी कचेरीत एकही बेरीज बरोबर केली नाही. घरी आल्यावर देवापाशी बसले. किती बुवांच्या पायाशी बसून ऐकले होते की पाप झाकले तर वाढते, बोलले तर झडते. ऐकताना डोळ्यांना धारा लागत, आणि घरी येताना धोतराच्या सोग्याने त्या पुसल्या की झाले. आता मात्र वेळ आपल्यावर आली होती. त्यांनी ठरवले. लोकांनी आरोप वाचायच्या आधी आपणच सांगून टाकायचे. झांजेचे सांगायचे. बुटांचे सांगायचे. तिसऱ्याचे... तिसरे कचेरीच्या हद्दीत घडले नव्हते. ते सांगायचे कारण नव्हते. असे ठरवून ते उठले. राजीनाम्याचा कागद लिहून कोटाच्या खिशात टाकला, आणि ट्रंकेतून उपरणे व झांज काढून ठेवली.

शनिवारी तीन वाजता कचेरीच्या वरच्या दालनात खुर्च्यांच्या बारा रांगा भरल्या होत्या. पुढच्या दोन रांगांत लाल काठाच्या साड्या, मांडीवर मुले, हातात पानाचे डबे. शिक्षा पाहायला लेकुरवाळ्या! दुसऱ्या रांगेत अनादिबाबूंच्या पत्नीशेजारी कालिंदीबाई बसल्या होत्या. चेहरा पांढरा, पण मान ताठ. त्यांच्या पलीकडे श्रीकांत. समोर पांढऱ्या चादरीचे टेबल, पाण्याचा पेला, फुले. मधल्या खुर्चीवर कचेरीचे बडाबाबू, म्हणजे हेडक्लार्क.

नारायणराव पुढे होताच कोणीतरी शंख फुंकला. बडाबाबूंनी उठून त्यांच्या गळ्यात झेंडूचा जाड हार घातला. नारायणरावांनी हाराला हात लावून पाहिला. असाच हार त्यांनी काळीघाटाच्या देवळात पाहिला होता. तो एका बोकडाच्या गळ्यात होता.

बडाबाबू पाच मिनिटे बंगालीत बोलले. त्यातला 'शिक्षा' हा शब्द नारायणरावांना चारदा ऐकू आला. मग सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

सभेपुढे उभे राहायची नारायणरावांना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी उपरणे सारखे केले, हात जोडले, डोळे मिटले आणि नामाचा गजर सुरू केला. झांज वाजली. क्षणभर दालन चकित झाले. आणि मग मागल्या रांगेतून कोणीतरी खड्या आवाजात ओरडले, "हरि बोल!" सगळ्या दालनाने ते उचलले. "हरि बोल! हरि बोल!"

नारायणरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. अकरा महिन्यांत हे शब्द त्यांनी रस्त्यावर कितीदा ऐकले होते. दरवेळी मागून तिरडी आली होती.

आता मागे वळायला जागा नव्हती. "सभाजन हो," ते म्हणाले, "मैं पापी है."

टाळ्या!

त्यांनी झांजेची हकीकत सांगितली. हिंदी जिथे संपे तिथे मराठी लावली, मराठी जिथे चालेना तिथे अभिनय केला. कॅप्टनचा पायजमा सांगितला. जीवनौकेतले शेठजी बसून दाखवले. लोक खुर्च्यांवरून घसरू लागले. "इसलिए," नारायणराव कळवळून म्हणाले, "बोट पे देव को हळू उठाना!" "ठीक, ठीक!" लोक ओरडले. काय निर्दय माणसे, त्यांना वाटले. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचे सोडून हसतात!

त्यांनी वाकून पायांतले बूट काढले आणि टेबलावर, फुलांच्या शेजारी ठेवले. "ये मेरा नहीं है." बडाबाबूंनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले. "मंदिर में जाना तो बूट का निशानी याद रखना. मन देव में, एक डोळा बूट में." एक बाई पदरात तोंड लपवून थरथरत होत्या. बडाबाबू हसता हसता ठसकले, त्यांना पाणी द्यावे लागले.

झाले. दोन्ही सांगून झाल्या. नारायणरावांनी सभेकडे पाहिले, आणि त्यांची नजर कालिंदीबाईंवर गेली. त्या त्यांच्याकडे मोठ्या विश्वासाने पाहत होत्या. 'बस्स, एवढंच तर केलंत, आणखी काही नाही,' असे सांगणारी ती नजर होती. कॅप्टन परवडला, बडाबाबू परवडले, पण ती नजर नारायणरावांना सोसवेना. गळ्यातली माळ झेंडूच्या हाराखाली टोचू लागली.

"और एक है," ते म्हणाले. दालन शांत झाले. "माळ का शपथ था. मैंने तोडा. रंगून में बोळ में एक बाई बैठती. उसके पास मैंने नापी खाया."

मराठीत कुजबुजत श्रीकांतला कालिंदीबाईंनी विचारले, "नापी म्हणजे काय रे?" पण उत्तर नारायणरावांनीच दिले.

"नापी मतलब माछ. सडा हुआ माछ."

कलकत्त्यात उतरल्या दिवशी कालिंदीबाईंना जो पहिला बंगाली शब्द कळला होता, तो हाच. त्यांचा हात छातीशी गेला.

आणि दालन? दालन उठून उभे राहिले! टाळ्यांचा असा कडकडाट त्या छताने ऐकला नव्हता. "साधु! साधु!" बाया शंखावर शंख फुंकू लागल्या. अनादिबाबू धावत आले आणि त्यांनी नारायणरावांना हारासकट कवटाळले. "नारायोनबाबू! माछ खाया! आज से आप हमारा आदमी!"

"कोतो बार?" पुढच्या रांगेतून एका वृद्ध बाईंनी विचारले. किती वेळा?

"तीन बार," नारायणराव पुटपुटले. पुन्हा टाळ्या.

गर्दी जरा ओसरल्यावर त्यांनी अनादिबाबूंच्या बाहीला धरले. "अब... अब शिक्षा कब?"

"कब क्या? हो तो गया! इतना सुंदर शिक्खा आज तक कोई नहीं दिया! बिपिनबाबू का भी नहीं!"

नारायणरावांनी श्रीकांतकडे पाहिले. श्रीकांतही त्यांच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या चष्म्याआड हळूहळू काहीतरी उजाडत होते.

"काका, तुम्ही... इथं शिक्षा म्हणजे ते... मराठीत काय म्हणतात... धडा. शिकवण. परदेशात काय शिकलात ते चार लोकांना सांगायचं."

"आणि चेष्टा करणार होते ती?"

"चेष्टा म्हणजे प्रयत्न. बडाबाबू भाषणात म्हणाले ना, लाऊडस्पीकर आणायची चेष्टा केली. भेटला नाही."

"म्हणजे कॅप्टनचा रिपोर्ट वगैरे..."

"कुठला रिपोर्ट? कुणाला काही माहीतच नव्हतं काका. तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं."

नारायणराव मट्कन खुर्चीत बसले. दीडशे माणसांपुढे, हार घालून, शंखनादात, कोणी न विचारता! त्यांनी खिशातला राजीनामा चुरगाळला.

"आणि तू त्या चाळीस मुलांना रोज...?"

"शिकवतो. पण काका, मग मराठीत शिक्षा म्हणजे काय?"

नारायणरावांनी कालिंदीबाईंकडे पाहिले. त्या पदर खोचून उभ्या होत्या.

"ते आता घरी गेल्यावर कळेल," ते म्हणाले.

वाटेत कालिंदीबाई चार पावले पुढे चालत होत्या. घरी आल्यावर त्यांनी देवापुढे निरांजन लावले, पाट मांडला, आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"तिन्ही वेळा माळ गळ्यात होती?"

"दोन वेळा."

"आणि तिसऱ्या वेळी?"

"खिशात."

"म्हणजे ठाऊक होतं."

नारायणराव मान खाली घालून बसले.

"बंगालीत शिक्षा दिलीत, आता मराठीत घ्या," कालिंदीबाई म्हणाल्या. "चार एकादश्या निर्जळी. आणि इथल्या मंडळात कीर्तन होईल तेव्हा झांज दुसऱ्याच्या हातात द्यायची. तुम्ही दाराशी बसायचं. लोकांच्या चपला राखत."

पहिल्या अर्ध्या शिक्षेला नारायणरावांनी मान हलवली. दुसऱ्या अर्ध्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "दाराशी ऐकू तरी येईल ना गं?"

"येईल थोडं थोडं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज जरा ओला झाला.

रविवारी सकाळी अनादिबाबू सुतळीला टांगलेला ताजा हिलसा मासा घेऊन दारात उभे राहिले. नारायणराव जागचे हलले नाहीत. मासा कालिंदीबाईंनीच दोन्ही हात जोडून परत पाठवला, आणि तो जिना उतरेपर्यंत दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

मग त्या शेंगा सोलायला बसल्या. दोन-चार शेंगा झाल्यावर हात थांबला.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"काल अनादिबाबूंच्या मंडळी शेजारी होत्या ना, त्यासुद्धा म्हणे एकदा बोटीने गेल्या होत्या. त्यांनाही बोट लागली, त्यांनाही बटलरने तसंच काही दिलं. शोरबा म्हणाल्या. आपल्या काढ्याला तो बटलर शोरबाच म्हणायचा की हो! तर मी म्हटलं, तुम्हाला विचारावं. शोरबा म्हणजे काय?"

नारायणरावांना बोटीचे स्वयंपाकघर आठवले. या गुणकारी काढ्यात काय काय घालतात ते विचारून घ्यावे, म्हणून ते तिथवर गेले होते. दाराबाहेरच्या टोपलीत कोंबडीची पिसे होती. आत पातेले उकळत होते. ते विचारायला गेले होते ते न विचारताच परतले होते. केबिनमध्ये कालिंदीबाई दोन दिवसांनी पहिल्यांदाच उशीला टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या गालांवर थोडा रंग आला होता.

पाप झाकले तर वाढते. पण ते आपले असेल तर. दुसऱ्याच्या निष्पापपणावरचे पांघरूण ओढून काढा, असे कोणत्याही बुवांनी कधी सांगितलेले त्यांना आठवेना.

"काढाच," ते म्हणाले.

"बंगालीत?"

"उर्दूत."

"तरीच!" कालिंदीबाईंच्या चेहऱ्यावरचे सावट उतरले. "गुणाचा होता हो." आणि त्या शेंगा सोलू लागल्या.

नारायणरावांनी एक शेंग उचलली आणि तेही सोलायला बसले. रंगूनच्या प्रवासातली ही एक शिक्षा मात्र त्यांनी पुढे कधीच कोणाला दिली नाही. ना बंगालीत, ना मराठीत.